हात्सुएच्या तोफूची साक्ष

तुम्ही हात्सुएच्या तोफूची साक्ष काढलीत आणि हात्सुएला विचारलं नाहीत.

आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू. जाड कागदावर, खाली लाल शिक्का मारून तुम्ही लिहिलंत की हिनोसावा गावाच्या पाटाचं पाणी पिण्यास योग्य आहे. पुरावे तीन दिलेत. पहिला, तुमच्याच माणसाने तुमच्याच बाटलीत भरून तुमच्याच कचेरीत तपासलेलं पाणी. दुसरा, आपलं पाणी याच पाटात सोडणाऱ्या वरच्या खाणीच्या व्यवस्थापकाचं पत्र. म्हणजे चोरी झाली नाही असा चोराचा दाखला. आणि तिसरा असा: ‘गावातील जुन्या तोफू-दुकानाचा माल पूर्वीइतकाच उत्तम असून, तोफूस निर्मळ पाणी लागते हे सर्वांस ठाऊक आहे.’

हे तिसरं वाक्य ज्याने लिहिलं त्याला त्या दिवशी आपण फार मोठी अक्कल चालवली असं वाटलं असणार. त्याने बाटली भरली तिथून नुसतं तीस पावलं चालत दुकानात जाऊन विचारलं असतं, ‘बाई, तुम्ही पाणी कुठलं वापरता?’ तर ती खोटं बोलली नसती. तिला खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं, तेवढंच.

हा कागद मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता गावाने ऐकला. वाचत होता ओगुरा न्हावी, आणि कॅमेऱ्यामागे उभी होती स्वतः हात्सुए.

मुरोईच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरची ती माडी. तिथून हिनोसावाचं स्वतःचं टेलिव्हिजन चालायचं. कुणाला पगार नाही. रिवाज असा की सुरुवातीला कचेरीचे कागद वाचायचे, मग कुणाची गाय व्याली, कुणाची छत्री देवळात राहिली, कुणाची आई अठ्ठ्याऐंशीची झाली. तारेसाठी कचेरीचे विजेचे खांब वापरायच्या परवानगीतच तशी अट होती: कचेरीने पाठवलेला कागद वाचलाच पाहिजे.

ओगुराचं वय एकसष्ट, आवाज घंटेसारखा, आणि वाचायची पद्धत अशी की जणू गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा आहे. एकही शब्द घसरायचा नाही. तिसऱ्या पुराव्यापाशी आल्यावर त्याने कौतुकाने मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे हात्सुएकडे बघून हसला. “ऐकलंत का मंडळी? आपल्या हात्सुएचं तोफू थेट कचेरीत पोचलं!”

आणि चित्र हललं.

तिने कॅमेरा हातात घेतल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा. नुसतं हललं नाही, ओगुराचं डोकं वर निघून गेलं आणि पडद्यावर त्याचं पोट आलं. खालच्या दुकानातल्या टीव्हीवर बघत रस्त्यात उभं असलेलं कुणीतरी खिडकीकडे तोंड करून ओरडलं, “अहो, न्हाव्याचं पोट काय दाखवताय! भूकंप झाला का?”

हात्सुएने कॅमेरा सावरला. दोन्ही हातांनी ओगुराचं डोकं परत चौकटीत आणलं.

हे हात कसले होते ते सांगायला हवं. हात्सुए सत्तेचाळीस वर्षांची. नवरा लढाईत गेला, त्याच्या अस्थींची पेटीसुद्धा रिकामीच आली. तेव्हापासून पुलाच्या टोकाचं तोफूचं दुकान तिने एकटीने चालवलं. भिजवलेलं सोयाबीन दळायचं, उकळायचं, फडक्यातून पिळून दूध काढायचं, त्यात मिठागराचं कडू पाणी घालून ते धरवायचं, लाकडी साच्यात दाबायचं, आणि मग थंड पाण्याच्या हौदात पांढऱ्या वड्या सोडायच्या. पाण्याने भरलेल्या लाकडी पेट्या उचलून दंड असे झालेले की गावातले लाकूडतोडे चेष्टेने तिला ‘दादा’ म्हणत. दुपारपर्यंत तिचं काम संपायचं.

डोंगरांच्या बेचक्यात बसलेल्या या गावात राजधानीचं चित्र पोचायचं नाही. नुसतं बर्फ पडल्यासारखं दिसायचं. म्हणून मुरोईने घराघरांतून माणसं गोळा करून कड्यावर चित्र पकडायला एक मोठी सांगाड्याची काठी, म्हणजे अँटेना, उभी केली आणि तिथून विजेच्या खांबांवरून तार घरोघर आणली. दोन वर्षांनी शरदात राजधानीत जगभरचे खेळाडू येणार होते, त्यामुळे सगळ्यांनाच टीव्ही हवा होता. मग एक दिवस मुरोई म्हणाला, एवढी तार आहेच, तर त्यातून आपलंही काही का जाऊ नये? कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून त्याने राखणीसाठी लावलेला जुना कॅमेरा आणला. लोखंडी धूड. त्याला चित्र साठवता येत नसे. जे समोर घडतंय ते त्याच क्षणी तारेतून जायचं आणि संपायचं. त्याची विजेची दोरी बारा पावलांची, म्हणजे माडी आणि फार तर जिना. म्हणून कॅमेरा गावात जात नसे, गाव कॅमेऱ्यापाशी येई. वासरू उचलून जिना चढवलं होतं. लग्नाची नवरी चढली होती, पाय मोडलेला पोस्टमन पाठंगुळी बसून चढला होता.

कॅमेऱ्याची तिवई मोडकी होती. कॅमेरा खांद्यावर घेऊन उभं कोण राहणार? लाकूडतोडे दहा मिनिटांत हुश्श करायचे. खाली तोफू द्यायला आलेली हात्सुए वर बघायला आली आणि म्हणाली, “द्या इकडे.” त्या दिवसापासून ती कॅमेरेवाली. तिचा चेहरा आणि तिचा आवाज मात्र पडद्यावर कधीच गेला नाही. तिलाही ते बरंच होतं.

मुरोईने तिला एकच नियम शिकवला होता. “काकू, पांढऱ्या, चकाकत्या गोष्टीवर याला फार वेळ रोखून धरायचं नाही. याच्या पोटात काचेची नळी आहे, ती जळते. जळली की तो डाग जन्मभर जात नाही. जरा जरा हलवत राहायचं.”

“म्हणजे हौदातल्या तोफूसारखं,” ती म्हणाली होती. “पाणी हलतं राहिलं तर अंगाला व्रण पडत नाही.” आणि तशीच ती कॅमेरा धरायची, कळेल न कळेल असा, श्वासासारखा हलता.

त्या मंगळवारी कार्यक्रम संपला तरी ती जागची हलली नाही.

“काय गं?” ओगुरा म्हणाला. “तुझं नाव घेतलं तर एवढी लाजलीस? माझं पोट दाखवलंस गावाला. बायको हसून हसून मरेल. तेवढंच हसू येईल बिचारीला, पंधरा दिवस झाले पोट धरून पडून आहे.”

“ओगुराकाका,” हात्सुए म्हणाली, “मी पाटाचं पाणी वापरत नाही.”

“म्हणजे?”

“वसंतापासून. दूध कढईतच फाटायला लागलं. कडू पाणी घालायच्या आधीच. नुसता रवा व्हायचा. आधी वाटलं सोयाबीन वाईट. मग वाटलं हात बिघडला. मग एक दिवस पलीकडच्या देवळाच्या झऱ्याचं पाणी आणून बघितलं. आरशासारखं धरलं. तेव्हापासून रोज हातगाडीवर तेच आणते. पहाटे. कुणी उठायच्या आत.”

मुरोई तारा गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. ओगुराला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा आवाज घंटेसारखा राहिला नाही.

“दोन महिने?”

“अडीच.”

“अडीच महिने तू झऱ्याचं पाणी आणतेस, आणि माझी मित्सु पाटाच्या पाण्याची पेज पिते. मला म्हणाली होती ती, पाण्याला वास येतो. मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, वेडी आहेस, हात्सुएचं तोफू बघ, पाणी खराब असतं तर ते धरलं असतं का? तिसरा पुरावा मीच घरात वाचला होता गं, त्या कचेरीच्या आधी!”

हात्सुएने मान खाली घातली नाही. “तोफूवाली म्हणाली की पाणी वाईट, तर तिचं दुकान त्याच दिवशी संपतं. मला दुसरं काही येत नाही. म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरली. मला वाटलं, एवढी मोठी कचेरी आहे, बाटल्या घेऊन माणसं आलीत, त्यांना कळेलच. माझ्या तोंडून कशाला? आणि त्यांनी काय केलं, माझंच तोफू उचललं आणि तुमच्या तोंडावर फेकलं.”

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“उद्या मी समोर बसते,” ती म्हणाली. “दोन कढया. एकीत पाटाचं, एकीत झऱ्याचं. सांगायचं काही नाही. लोकांना डोळे आहेत.”

“आणि दुकान?” मुरोईने विचारलं.

“ते गेलंच.”

ओगुरा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. “कॅमेरा कोण धरणार? तू समोर बसलीस तर?”

“तुम्ही.”

“मी तुझ्यावर चिडलेलो आहे.”

“चिडलेल्या हाताने धरा.”

आता बघा, चूक कुठे झाली. बुधवारी दुपारी फुटबॉलची बातमी सांगायला म्हणून पाच मिनिटं माडी उघडली जायची. तेव्हा ओगुराने, कुणालाही न विचारता, सांगून टाकलं: “आज सहा वाजता हात्सुए दोन कढया घेऊन येणार आहे. कचेरीच्या तिसऱ्या पुराव्याचं काय ते कळेल. चूल बंद करून बसा.” चार वाजता मुरोईच्या दुकानातला फोन वाजला. पलीकडे कुसाका होता. कुसाका म्हणजे तुमचा इथला माणूस, पाण्याच्या बाटल्या भरणाराही तोच. बोलायला मऊ. त्याच्या तोंडून शिवीसुद्धा अभिनंदनासारखी वाटते.

मुरोई फोन ठेवून वर आला तेव्हा हात्सुए शेगडी पेटवत होती.

“खांब काढून घेतील म्हणतात,” तो म्हणाला. “म्हणजे तार काढा म्हणतील. मग आपलं तर जाईलच, पण राजधानीचंही जाईल. शरदातले खेळ कुणालाच दिसणार नाहीत. चारशे घरं आहेत काकू. त्यांनी माझ्या शब्दावर टीव्ही घेतलेत.”

“खांब त्यांचे?” ओगुराने विचारलं.

“खांब त्यांचे.”

“पोट आपलं,” ओगुरा म्हणाला आणि कॅमेरा खांद्यावर घेतला. “अरे देवा! हे रोज उचलतेस तू? उगाच नाही तुला दादा म्हणत.”

मुरोईने खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड चोळलं. तो पस्तीस वर्षांचा, गावात सगळ्यांना हवासा, आयुष्यात कुणाशी भांडलेला नाही. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, खरखर ऐकली की त्याला आधी आपलीच चूक वाटते. घड्याळात सहाला दोन मिनिटं होती. त्याने दोन्ही मोठे दिवे लावले आणि कळ दाबली.

हिनोसावाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा हात्सुएचा चेहरा पडद्यावर बघितला. कपाळावर बांधलेलं फडकं, गालावर शेगडीची धग. तिने नमस्कार केला नाही. दोन मडक्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “हे पुलाखालच्या पाटाचं. मुरोईने भरलंय. हे देवळाच्या झऱ्याचं. हेही त्यानेच भरलंय.” आणि कामाला लागली.

एकाच पोत्यातलं सोयाबीन, एकाच जात्यातून दळलेलं. दोन कढया, दोन उलथणी. गावाने तिला कधी काम करताना बघितलं नव्हतं, कारण ती काम करायची तेव्हा गाव झोपलेलं असायचं. तिचे हात घाई करत नव्हते. डावीकडच्या कढईत फेस वर आला, खाली गेला, आणि दूध जागच्या जागी फुटलं. कडू पाण्याचा एक थेंबही पडला नव्हता. पिवळट पाणी वेगळं, भुसा वेगळा. तिने डाव भरून वर घेतला आणि कॅमेऱ्यासमोर ओतला. रवा टपटप पडला.

“वसंतापासून हे असं होतं,” ती म्हणाली.

उजवीकडचं दूध मात्र गप्प होतं. तिने ते गाळलं, डावाने गोल फिरवत कडू पाणी घातलं, झाकण ठेवलं, मग साच्यात ओतून वर दगड ठेवला. दाबायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत काय दाखवायचं याचा विचार कुणीच केला नव्हता. म्हणून ती बोलली.

“तुम्ही माझ्याकडून जे तोफू घेता ते झऱ्याच्या पाण्याचं आहे. अडीच महिने मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं तोफू बघून तुम्ही पाटाचं पाणी पीत राहिलात. ओगुराकाकांची मित्सु आजारी आहे. आणखी कोण कोण असेल, मला माहीत नाही. कचेरी खोटं बोलली ती बोलली. मी गप्प बसले. गप्प बसणं काय ते मला काल कळलं, माझं नाव ऐकताना. माझ्याकडून कुणी काही घेऊ नका, मी रागावणार नाही. पण ते पाणी पिऊ नका.”

मग दगड काढला, साचा उघडला, आणि काळ्या लाकडी पाटावर ती वडी उलटी केली. चौकोनी, पांढरीशुभ्र, कडा वस्तऱ्याने तासल्यासारख्या. दिव्यांच्या उजेडात ती चमकत होती. शेजारी चाळणीत तो भुसा.

बोलायचं संपलं होतं. हात्सुए हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मुरोईने कळ बंद करायला हवी होती. पण तोही बघतच राहिला, कळही विसरला आणि काचेची नळीही. आणि ओगुराने कॅमेरा त्या वडीवर नेला आणि धरला. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला हात तो. न्हाव्याचा हात हलला तर रक्त येतं. त्याला कुणीही सांगितलं नव्हतं की हा कॅमेरा हलवत राहायचा असतो. सांगायची वेळच आली नव्हती, ते हात्सुएचं काम होतं. त्याने आपल्या सगळ्या रागाने, सगळ्या कसबाने ती वडी पंधरा मिनिटं अशी धरली की केसभर ढळली नाही. चारशे घरं पंधरा मिनिटं एका पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसली.

मग खाली रस्त्यावर दारं सरकल्याचे आवाज यायला लागले. मुरोईने खिडकीतून डोकावून बघितलं. लोक बादल्या घेऊन पुलाकडे निघाले होते. पलीकडे, देवळाकडे.

कुसाका अर्ध्या तासात दोन माणसं घेऊन आला. जोडे काढून, नीट ओळीने लावून जिना चढला.

“ती फीत द्या,” तो म्हणाला.

“कसली फीत?” मुरोई म्हणाला.

“आजच्या कार्यक्रमाची. ती ताब्यात घ्यायची आहे.”

“साहेब, फीत नसते. हे साठवत नाही.”

“असं कसं? मी स्वतः माझ्या घरी बघितलं.”

“मग तेवढंच,” ओगुरा म्हणाला. “तुमच्याकडेच आहे म्हणा की. डोळे काढून जमा करा.”

त्यांनी कपाटं उघडली, चटया उचलल्या, जुन्या रेडिओंच्या पोटात हात घातले. एकाने तर हात्सुएच्या सोयाबीनच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघितलं. काही मिळालं नाही. जाताना कुसाकाने तो भुसा आणि ती वडी, दोन्ही कुस्करून बाटल्यांत भरून नेलं. बाटल्यांची सवयच त्याला.

दुसऱ्या दिवशी हात्सुएने झऱ्याचं पाणी उजाडल्यावर आणलं, भर रस्त्यातून. चाळीस वड्या केल्या. दुकान उघडं आहे असं सांगणारा निळा पडदा दारावर लावला. लोक समोरून गेले. कुणी शिवी दिली नाही, कुणी थांबलंही नाही. अकरा वाजता ओगुराची मित्सु आली, भिंतीला धरत, हातात वाडगं.

“एक दे,” ती म्हणाली.

हात्सुएने दोन घातल्या.

“एक म्हणाले ना?” तिने दुसरी परत हौदात सोडली. “तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा. पण भूक लागते.” दारातून बाहेर पडता पडता ती वळली. “नवऱ्याला सांगितलंय मी, आता तुझ्या त्या तोफूशीच संसार कर म्हणून. पाण्याला वास येतो म्हणाले, तर माझ्या शब्दापेक्षा त्यावर विश्वास जास्त त्याचा.”

एकोणचाळीस वड्या उरल्या. संध्याकाळी हात्सुएने निळा पडदा काढला, घडी केली आणि हौदाच्या कठड्यावर ठेवला. मग हात पुसून माडीवर गेली, कारण सहा वाजणार होते.

मुरोईने कॅमेरा चालू केला आणि तिघंही माडीवरच्या टीव्हीच्या पडद्याकडे बघत राहिले. समोर रिकामी खुर्ची होती. खुर्चीच्या बरोबर मध्ये एक राखाडी चौकोन होता. मुरोईने भिंग पुसलं. चौकोन तिथेच. कॅमेरा भिंतीकडे वळवला; चौकोन भिंतीवर. खिडकीकडे वळवला, चौकोन आभाळात.

“नळी जळली,” मुरोई म्हणाला.

ओगुरा खाली बसला. “माझ्यामुळे?”

“तुम्ही हलला नाहीत काका.”

“न्हावी आहे मी! हलू कसा?” तो जवळजवळ रडकुंडीला आला. “दीड वर्षात एकदा कॅमेरा दिला मला आणि…”

हात्सुए पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिने बोटाने त्या चौकोनाची कड हवेत आखली. डावीकडे खाली तो जरासा बसका होता. साच्याची ती फळी जुनीच, बदलायची राहून गेली होती. तिने आपलं तोफू ओळखलं.

“राहू दे,” ती म्हणाली.

खांबांची धमकी धमकीच राहिली; तार काढली असती तर का काढली ते चारशे घरांना सांगावं लागलं असतं. आठ दिवस त्या गावाने सगळं त्या चौकोनाआडून बघितलं. वासराच्या कपाळावर तोफू, शाळेच्या गाण्यात तोफू, हरवलेल्या छत्रीवर तोफू. आधी लोक हसले, मग कुणी हसेनासं झालं. बादल्या देवळाकडे जातच होत्या.

आणि आठव्या दिवशी तुमचा दुसरा कागद आला. ‘पाण्याविषयी काही प्रात्यक्षिक दाखविण्यात आल्याची अफवा पसरली असून, असा कोणताही कार्यक्रम झाल्याची नोंद उपलब्ध नाही.’ ओगुराने तो वाचायला नकार दिला. म्हणाला, जीभ माझी आहे, खांबासारखी भाड्याने घेतलेली नाही. पण परवानगीत अट होती. कागद वाचलाच पाहिजे. म्हणून कुसाका स्वतः आला. पांढरा सदरा, चकचकीत चष्मा. खुर्चीत ताठ बसला.

मुरोईने दिवे लावले. हात्सुएने कॅमेरा खांद्यावर घेतला. सहा वाजले.

कुसाका मऊ आवाजात वाचत होता आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, नेमका छातीवर, तो राखाडी चौकोन बसला होता. ‘असा कोणताही कार्यक्रम झाल्याची…’ इथे त्याची नजर शेजारच्या पडद्यावर गेली. त्याने सदरा झटकला. काही पडलं नाही. तो डावीकडे सरकला. चौकोन सरकला नाही, खांद्यावर आला. तो वाकला, आणि चौकोन त्याच्या तोंडावर बसला. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी घरातून एक मोठ्ठं हसू फुटलं आणि मग एकदम बंद झालं.

तेव्हा कॅमेऱ्यामागून आवाज आला. नियमाविरुद्ध. कॅमेऱ्यामागच्या माणसाने बोलायचं नसतं.

“साहेब, कार्यक्रम झाला नाही म्हणता. मग हे तुमच्या तोंडावर काय आहे?”

कुसाकाने कागदाकडे बघितलं. कागदात ते लिहिलेलं नव्हतं.

“ते राहू द्या,” हात्सुए म्हणाली. “सोपं विचारते. पाटाचं पाणी चांगलं आहे का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”

“याबाबत वरिष्ठ…”

“हो की नाही?”

त्याने कागद उलटून पाठची कोरी बाजू बघितली आणि मान वर केली. चष्म्याच्या काचांवर दोन्ही दिवे जळत होते. हात्सुएने कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आणला आणि थांबवला. दीड वर्षं श्वासासारखा हलणारा कॅमेरा आता दगडासारखा उभा राहिला.

“काकू, हलवा,” मुरोई पुटपुटला. “नळी जळेल.”

“जळू दे. हाही उमटू दे.”

ओगुराने मुरोईचा हात कळीवरून अलगद बाजूला केला. एक मिनिट गेलं. पाच गेली. तिच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या, पण चित्र केसभर हललं नाही. चारशे घरांतली माणसं भाताचे वाडगे हातात धरून बसली होती.

कुसाका बिचारा निरोप्या. त्याच्या तोंडातून काय निघणार? तिने त्याला विचारलंच नव्हतं. ती त्याच्या चष्म्यातून तुम्हाला विचारत होती, तुम्ही जिथे कुठे बसला असाल तिथे. आता साक्षीसाठी कुणाचं तोफू शोधू नका. हो, की नाही? ती कॅमेरा खाली ठेवणार नाही. बोला.